खाडा

मॉरिशसला उतरल्यावर मला आधी समुद्र दिसला नाही, ऊस दिसला.

विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे आणि आमचं बुकिंग पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आं-फ्लाक नावाच्या गावात होतं. टॅक्सीनं तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येमध्ये काळ्या दगडांचे मोठे ढीग, लांब टोकदार डोंगर. सप्टेंबर २०२४ चा पहिला आठवडा होता. तिथं ऊसतोडीचा हंगाम जून ते डिसेंबर असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण एका वळणावर अर्धा तोडलेला फड दिसला, खिडकीतून पाचटाचा वास आत आला आणि माझ्या पोटात काहीतरी हललं.

सोबत ऑफिसमधल्या दोघी मैत्रिणी. एक पुण्याचीच, एक नागपूरची. आम्ही तिघींनी वर्षभर दर महिन्याला पैसे बाजूला काढून ही ट्रिप जमवली होती. "कसलं ग्रीन आहे यार!" म्हणत त्यांनी टॅक्सी थांबवली आणि उसाला पाठ लावून फोटो काढले. "तू पण ये ना." मी म्हटलं, नको, उसात साप असतात. हे खरंच आहे. पण मी न उतरण्याचं कारण ते नव्हतं.

माझं गाव तेरखेडा. धाराशिव जिल्हा, वाशी तालुका. सोलापूरहून संभाजीनगरकडे जाताना येरमाळ्याच्या पुढं लागतं. हायवेनं गेला असाल तर फटाक्यांच्या दुकानांच्या पाट्या दिसल्या असतील. आमचं गाव शोभेच्या दारूसाठी ओळखलं जातं. दिवाळीआधी गावातली आणि आजूबाजूची कितीतरी माणसं त्या कारखान्यांत रोजानं जातात. आणि दिवाळीच्या आगेमागे दुसरं काम सुरू होतं. ट्रक, ट्रॅक्टर येतात. त्यात भांडी, गोधड्या, पत्रे, शेळ्या, कोंबड्या आणि लेकरं चढतात. चार-पाच महिन्यांसाठी माणसं ऊसतोडीला जातात. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक.

माझे आईवडील सोळा हंगाम गेले. ऑफिसमध्ये सहा वर्षं मी "घरी शेती आहे" एवढंच सांगत आले. अडीच एकर कोरडवाहू आहेच, त्यामुळे ते खोटंही नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' असतो. एकटा माणूस 'अर्धा कोयता'. हंगामाआधी मुकादम कोयत्याला रोख रक्कम देतो, ती 'उचल'. मग तोडलेल्या उसाच्या टनावर मजुरी धरायची आणि ती उचलीतून वळती करायची. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं जावं लागतं. आजारपण असो, पाळी असो, बाळंतपण असो, कामावर गेलं नाही की 'खाडा'. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड लागतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या बातम्या देशभर गाजल्या, तेव्हा त्यात हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. मी त्या बातम्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मोबाइलवर वाचल्या आणि शेजारी कुणी बसलं की स्क्रीन बंद केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही बोटीनं एका छोट्या बेटावर जाऊन आलो. निळं पाणी, पांढरी वाळू, सगळं फोटोंतल्यासारखंच. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, राजधानी पोर्ट लुई. मैत्रिणींना बाजार फिरायचा होता. मला नकाशावर बंदराजवळ 'आप्रवासी घाट' असं नाव दिसलं. घाट म्हणजे नदीकाठचं देऊळबिऊळ असेल असं वाटलं. मी म्हटलं, तुम्ही खरेदी करा, मी तासाभरात येते.

देऊळ नव्हतं. बंदरालगत काळ्या दगडातल्या थोड्या इमारती, एक फाटक, काही भिंतींचे पाये आणि समुद्राकडून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या. एवढंच. मूळ आवाराचा थोडासाच भाग शिल्लक आहे, बाकीच्यावर रस्ता आणि शहर चढलंय. पण ही जागा २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. शेजारच्या संग्रहालयात मी शिरले आणि तासाचे तीन तास झाले.

थोडक्यात गोष्ट अशी. हे बेट आधी डचांकडं होतं, मग फ्रेंचांकडं, १८१० पासून इंग्रजांकडं. उसाचे मळे आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांच्या जोरावर चालायचे. १ फेब्रुवारी १८३५ ला इथली गुलामगिरी कायद्यानं संपली. इंग्रज सरकारनं नुकसानभरपाई दिली, ती मालकांना. साऱ्या वसाहतींतल्या गुलामांच्या मालकांसाठी दोन कोटी पौंड मंजूर झाले, त्यातले वीस लाखांहून जास्त मॉरिशसच्या मालकांना मिळाले. गुलामांना काही नाही. मग ऊस तोडणार कोण? त्याचं उत्तर आधीच शोधून ठेवलेलं होतं. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलस' नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन आलं. छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातली माणसं. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये पगार, शिधा. आणि सहा महिन्यांचा पगार आगाऊ.

आगाऊ. मी ती ओळ दोनदा वाचली. आमच्याकडं ह्याला उचल म्हणतात.

त्या ३६ जणांनंतर १९२० च्या दशकापर्यंत साडेचार लाखांहून जास्त माणसं ह्या बंदरात उतरली. बिहार आणि उत्तर प्रदेशातून सगळ्यात जास्त, मग मद्रासकडून आणि मुंबई बंदरातूनही. मुंबईहून आलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातली मराठी माणसं बरीच. १८४९ मध्ये हे आवार बांधलं. पायऱ्या चढून आलेल्या माणसाला इथं दोनेक दिवस ठेवायचे, नोंद करायचे, नंबर द्यायचे आणि मळ्यावर पाठवायचे. मळ्यावर त्यांच्यावर नजर ठेवायला त्यांच्यातलाच एक 'सरदार' असायचा. मला तो ओळखीचा वाटला. आमच्याकडं मुकादमही आपल्यातलाच असतो, आपल्याच पावण्यातला.

मग एका फलकावर 'डबल कट' हे शब्द आले. मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर त्याचा दोन दिवसांचा पगार कापायचा.

मी तिथल्या बाकावर बसले.

मी पाचवीत होते तेव्हा मला टायफॉइड झाला. आईवडील सांगलीकडं फडावर. मी तेरखेड्याला आजीजवळ. निरोप गेला आणि आई आठ दिवसांसाठी आली. तिनं माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, तांदळाची पेज पाजली, आणि मी उठून बसल्यावर परत गेली. माझ्यासाठी ती फार सुंदर आठवण होती, कारण थंडीच्या दिवसांत आई घरी असण्याची माझी ती एकुलती एक आठवण. कॉलेजला असताना कळलं की त्या आठ दिवसांचा खाडा पडला होता. दिवसाला अडीचशे रुपये दंड. साधारण तेवढीच दोघांची रोजची मजुरी होती. मजुरी बुडाली ती वेगळी. म्हणजे दोनदा कापलं. हिशेबात दोन हजार वर चढले, उचल फिटायची राहिली आणि ज्या वर्षी अण्णा म्हणत होते की आता बास, त्या वर्षीही ते दोघं पुन्हा गेले.

'डबल कट' हा शब्द अण्णांनी कधी ऐकला नसेल. ज्यानं आमच्या मुकादमाची वही आखली त्यानंही ऐकला नसेल. तरी हिशेब तोच. मी दिवसभर कोड लिहिते, त्यामुळे माझ्या डोक्यात लगेच आलं की हे एकच फंक्शन आहे, फक्त नाव बदललंय आणि कुणीतरी ते उचलून दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये चिकटवलंय. पण खरं तर चिकटवायलाही कुणी लागत नाही. ज्याच्या हातात आगाऊ पैसा आहे आणि ज्याच्या घरात पावसाळ्याआधीच दाणे संपलेत, अशी दोन माणसं समोरासमोर बसवली की हा हिशेब आपोआप तयार होतो.

फरक आहेत, ते सांगायलाच पाहिजेत. ती माणसं समुद्र ओलांडून आली. मनात आलं म्हणून एसटी पकडून परत जाता येत नव्हतं. करार मोडला तर तुरुंग होता. १८६७ च्या कायद्यानं तर करार पूर्ण केलेल्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेलं तिकीट आणि पोलिसांचा पास खिशात ठेवायला लावला. जवळ नसला तर भटक्या म्हणून अटक. माझे आईवडील दरवर्षी चैत्रात घरी यायचे. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेला आम्ही एकत्र जायचो आणि आई आमराईत चुनखडी वेचायची. मी शिकले. मी विमानानं इथं आले आणि पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्यानं माझ्याकडं बघून स्माइल दिलं. हे सगळं खरं. तरी फलकावरच्या त्या दोन शब्दांपुढं मला माझे फरक फार उपयोगी पडले नाहीत.

संग्रहालयात आणखी एक गोष्ट होती. १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांनी मिळून एक अर्ज केला. आडॉल्फ द प्लेव्हिट्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्यानं तो लिहायला मदत केली, आणि बाकीच्या मळेवाल्यांनी त्याच्याविरुद्ध रान उठवलं. पासची सक्ती, रस्त्यात होणाऱ्या अटका, कापले जाणारे पगार, सगळं त्यात होतं. त्यावरून चौकशी आयोग नेमला गेला, १८७५ मध्ये अहवाल आला. एका दिवसात काही बदललं नाही. पण ९,४०१ माणसांनी कागदावर म्हटलं की आमच्याशी हे होतंय. मी सहा वर्षांत एका माणसालाही म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी मैत्रिणी वैतागल्या होत्या. फोन का नाही उचललास? मी म्हटलं, म्युझियम मोठं होतं.

शनिवारी सकाळी आम्ही ग्राँ बासँला गेलो. उंचावरचं तळं, भोवती धुकं. मजुरांच्या वारसांनी ह्या तळ्याला गंगा मानलं. १९७२ मध्ये भारतातून गंगेचं पाणी आणून त्यात मिसळलं, तेव्हापासून हे गंगा तलाव. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक कावडी घेऊन चालत इथं येतात. काठावर १०८ फुटी शंकर उभा आहे आणि समोर तेवढीच उंच दुर्गा. मी आईला व्हिडिओ कॉल लावला.

"पोचलीस का गं? खाल्लं का काई?"

तिला दुर्गा दाखवली. तिनं फोनलाच हात जोडले. "ही तर तुळजापूरचीच वाटती की गं. इतक्या लांब कुणी नेली?"

"इथं आपल्याकडची माणसं आणली होती, आई. लई वर्षांमागं. ऊस तोडायला."

आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "तिथं बी ऊसच हाय व्हय?"

"सगळीकडं ऊसच."

"आता कोण तोडतंय?"

हा प्रश्न तीन दिवसांत आम्हा तिघींपैकी कुणालाच पडला नव्हता. मी सांगितलं की आता बरंचसं काम मशीन करतंय.

"बरंय," आई म्हणाली. "मशीनला खाडा न्हाई पडत."

ती हसत होती. मला हसता आलं नाही.

आमचा टॅक्सीवाला पहिल्या दिवसापासून तोच होता. पन्नाशीचा माणूस. क्रिओल, फ्रेंच, इंग्रजी आणि थोडी सिनेमातली हिंदी बोलणारा. मी फोनवर मराठीत बोलताना ऐकून तो वळला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "मो मराती." मी मराठी. त्याच्या घरी मराठी बोलत नाहीत, आजीला थोडी यायची. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. तो म्हणाला, रूमवर बसून काय करणार, संध्याकाळी घरी या.

त्याचं घर कॅस्काव्हेलजवळ, आमच्या हॉटेलपासून दहा-पंधरा मिनिटांवर. ह्या बेटावर पहिला गणपती १८९६ मध्ये हेन्रिएटा गावात बसला असं सांगतात. आज गणेश चतुर्थीची इथं सरकारी सुट्टी असते. त्याच्या ओट्यावर तीसेक माणसं. बायका साडीत, पोरं जीन्समध्ये. आरती आपलीच, पण पुस्तिका रोमन लिपीत छापलेली. उच्चार थोडे फ्रेंच वळणाचे, चाल मात्र पक्की. आरतीनंतर पुरुष गोल करून नाचले. त्याला ते 'झाकरी' म्हणतात. कोकणातल्या मैत्रिणीकडं मी जाखडी पाहिली होती, ती हीच. शब्द अर्धे कळले, अर्धे बहुतेक नाचणाऱ्यांनाही कळत नसावेत.

जेवताना मी त्याला आडनावाचं विचारलं, कारण ते एखाद्याच्या पहिल्या नावासारखं होतं. तो म्हणाला, ते पणजोबांचंच नाव. नोंद करताना जे नाव लिहिलं तेच पुढं घराण्याचं झालं. गाव कोणतं ते माहीत नाही. पण नंबर माहीत आहे. त्यानं मोबाइलमध्ये एक फोटो दाखवला. मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथं मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्यात. १८६० च्या दशकापासूनचे काही फोटोही आहेत. वारस तिथं जाऊन आपला माणूस शोधू शकतात. त्याला जहाज सापडलं, वर्ष सापडलं, वडिलांचं नाव, उंची, अंगावरची खूण. गावाच्या नावाचं स्पेलिंग असं होतं की आम्ही दोघांनी दहा मिनिटं वेगवेगळे उच्चार करून पाहिले, काही लागलं नाही.

"तुमचे लोक काय करायचे?" त्यानं विचारलं. तिथं हा प्रश्न सहज विचारतात.

मी मैत्रिणींकडं पाहिलं. त्या पुरी खात होत्या. मी म्हटलं, "ऊस तोडायचे."

त्यानं मान हलवली. "आमचे पण." आणि मला आणखी भात वाढला.

मैत्रिणींनी मान वर केली. तिथं काही बोलल्या नाहीत.

रविवारी विसर्जन झालं. परतताना टॅक्सीवाला म्हणाला, आज रात्री पोर्ट लुईकडचे रस्ते चालणाऱ्यांनी भरतील. ९ सप्टेंबर हा पेर लाव्हाल ह्या फ्रेंच पाद्रीचा स्मृतिदिन. १८६४ मध्ये तो वारला. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांसाठी त्यानं काम केलं, त्यांच्या भाषेत तो त्यांच्याशी बोलायचा. सेंट-क्रुआला त्याची समाधी आहे आणि तिथं ख्रिश्चनांबरोबर हिंदू, मुसलमानही रात्रभर चालत जातात. "माझी बायको जाते," तो म्हणाला. "काल गणपती, आज पेर लाव्हाल." मला येडेश्वरीच्या यात्रेची वाट आठवली.

तो असंही म्हणाला की आता इथल्या कारखान्यांत बांगलादेशी पोरं काम करतात, एका खोलीत दाटीवाटीनं राहतात, आणि आमच्यातलेच लोक त्यांना नावं ठेवतात. हे सांगताना त्याचा आवाज खाली गेला. म्हणजे स्मारक बांधलं की माणूस शहाणा होतो असं नाही.

शेवटच्या दिवशी ल मॉर्न. समुद्रात घुसलेला प्रचंड काळा कडा. पळालेले गुलाम ह्याच्या माथ्यावर लपायचे. गुलामगिरी संपल्याचं सांगायला शिपाई वर चढले, तेव्हा आपल्याला पकडायलाच आलेत असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा इथं सांगतात. २००८ पासून हाही जागतिक वारसा आहे. गुलामगिरी संपल्याची १ फेब्रुवारीला सुट्टी, मजूर आल्याची २ नोव्हेंबरला सुट्टी. दोन्ही दिवस ह्या देशाच्या कॅलेंडरवर आहेत.

कड्याखाली वाळूत बसल्यावर नागपूरच्या मैत्रिणीनं विषय काढला. "परवा तू ते खरं म्हणालीस?"

मग मी सांगितलं. आजी वारली तेव्हा मी आठवीत होते. गावात मला ठेवायला कुणी उरलं नाही. अशा वेळी आमच्याकडं दोनच रस्ते असतात. पोरीला फडावर न्यायचं, नाहीतर तिचं लग्न लावायचं. लग्न झालं की नवा कोयता तयार होतो आणि त्याला वेगळी उचल मिळते. कारखान्याच्या गेटवर थेट येणाऱ्या उसाला 'गेटकेन' म्हणतात. हंगामाच्या तोंडावर घाईत उरकलेल्या लग्नांनाही बीडकडं हेच नाव पडलंय. माझ्या चुलत बहिणीचं पंधराव्या वर्षी असंच झालं. माझ्यासाठीही एक स्थळ येऊन गेलं होतं. आई म्हणाली, मी जात न्हाई औंदा. अण्णा एकटे गेले, अर्धा कोयता म्हणून. उचल अर्धी मिळाली, मागची बाकी तशीच. आई गावातच फटाक्यांच्या कारखान्यात रोजानं जायला लागली. हाताला दारूचा वास यायचा. २०१२-१३ च्या दुष्काळात, माझ्या दहावीच्या वर्षी, प्यायचं पाणी टँकरनं यायचं, पण ती फडावर गेली नाही. तिनं त्या वर्षांत एकंदर किती खाडे घेतले म्हणायचे? माझी सगळी इंजिनिअरिंगची डिग्री तिच्या खाड्यांवर उभी आहे.

दोघी गप्प होत्या. पुण्याची मैत्रीण मग म्हणाली, "म्हणून तू उसात फोटो नाही काढलास." मी म्हटलं, साप पण असतात. आम्ही तिघी हसलो. नागपूरची म्हणाली, "तू आधी का नाही सांगितलंस?" ह्याचं नीट उत्तर माझ्याकडं नव्हतं. तुम्ही कीव कराल म्हणून, असं सांगितलं, पण तेवढंच नव्हतं. आईवडिलांच्या कामाची लाज नव्हती. ते काम ज्या वहीत लिहिलेलं होतं त्या वहीची लाज होती. आपली माणसं इतकी वर्षं कुणाचं तरी देणं लागत होती, हे सांगताना वाटायचं की अजूनही कुणीतरी येऊन बाकी मागेल.

दिवाळीला घरी गेले. गावात फटाक्यांच्या दुकानांवर गर्दी आणि चौकात दोन ट्रक भरून उभे. अण्णा आता जात नाहीत, गुडघे गेलेत. रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि आईला म्हटलं, "आपण यादी करू. कोणत्या वर्षी कुठं गेलात, किती उचल घेतली, किती खाडे पडले."

"कामून? मुकादमाशी भांडायचंय का आता?"

"न्हाई. लिहून ठेवायचंय."

मी रकाने आखले. वर्ष, जिल्हा, उचल, खाडा, बाकी. वर्षं आईला आकड्यात आठवत नव्हती. ती माझ्या इयत्तांनी सांगत होती. तू बालवाडीत होतीस तवा कर्नाटकात. तू दुसरीत होतीस तवा कोपीला आग लागलेली, भांडी वाचली. तू चौथीत होतीस तवा उचल फिटली होती, फकस्त त्याच साली. अण्णा कॉटवर पडून मध्येच दुरुस्ती करत होते. माझ्याशी कधी न बोललेल्या गोष्टी ते दोघं एकमेकांना आठवून देत होते. दहा वाजले, अकरा वाजले.

आता सरकार ऊसतोड कामगारांना ओळखपत्र देतं म्हणे. चांगलं आहे. घाटावर फोटोचं तिकीट पाहिल्यापासून मी कुठल्याही कागदाकडं बघताना विचारते की हा कुणाच्या बाजूचा आहे. निदान ही एक यादी आमच्या बाजूची आहे.

पाचवीच्या ओळीवर आलो. मी खाड्याच्या रकान्यात आठ लिहिलं.

"ते नको लिहू," आई म्हणाली. "ते कामाचे दिस न्हाईत. ते तुझे हायत."

मी ते पुसलं नाही. शेजारी एक नवा रकाना केला आणि कारण लिहिलं, मुलीला टायफॉइड. मग वरपासून पुन्हा सुरुवात केली आणि प्रत्येक खाड्याचं कारण विचारत गेले. ताप. पाय मुरगळला. मामाचं मयत. सहावा महिना, पोट दुखत होतं. हे शेवटचं मला माहीत नव्हतं. मी विचारलं नाही, आईनंही पुढं सांगितलं नाही. अण्णा भिंतीकडं वळले.

शेवटी सेव्ह करताना फाइलला नाव द्यायचं होतं. मी अण्णांचं नाव टाइप करायला लागले, कारण मुकादमाच्या वहीत तेच असायचं. आईला वाचता येतं. ती स्क्रीनकडं वाकून म्हणाली, "निम्मा कोयता मव्हा बी होता की."

मी दोघांची नावं लिहिली. आधी तिचं.